पणजोबांचा काळा बिल्ला आणि बाप्तिस्म्याची वही: कुठून सुरुवात करू?

गावठाणातला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे. पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतले मूळचे मराठी बोलणारे कॅथलिक, अंधेरी पूर्वेच्या एका गावठाणातले. आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली. ऑक्टोबरात आगेऱ्याला, आमच्या सुगीच्या सणाला, सगळं कुटुंब जमलं, जेवणं झाली, की कोणीतरी ती काढतंच. पणजोबा पहिल्या महायुद्धात बसऱ्याला (आताच्या इराकात) होते, सुभेदार होते, हाताखाली पंधरा माणसं होती. दरवर्षी माणसं वाढतात. माझ्या लहानपणी बाराच होती.

गेल्या महिन्यात घर रिकामं करताना माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली. तीत एक गोल बिल्ला निघाला. जुन्या रुपयाहून मोठा, पार काळा पडलेला. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला नागडा घोडेस्वार आणि १९१४, १९१८ हे आकडे. फीत नाही.

त्याशिवाय माझ्याकडे चर्चच्या वहीतल्या दोन नोंदींचे फोटो आहेत. चुलतभावाने पूर्वी कधीतरी काढलेले. एक पणजोबांच्या बाप्तिस्म्याची, १८८८ ची, आणि एक आजोबांच्या, १९२० ची. भाषा पोर्तुगीज असावी, अक्षर मुंगीचं. १९२० च्या नोंदीत पणजोबांच्या नावापुढे एक शब्द आहे, 'कोझिन...' असं काहीसं. कोणत्या तरी गावाचं नाव वाटतंय.

आडनाव परेरा. आता मुंबईत परेरा शोधायचा म्हणजे दादर स्टेशनात संध्याकाळी सहाला पांढरा शर्ट शोधण्यासारखं आहे. चर्चच्या हापिसात गेलो तर आतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितलं, "तारीख आणा, सर्टिफिकेट देतो. वही बघायला मिळणार नाही." तारीख माहीत असती तर आलो कशाला असतो?

युद्धात मेलेल्यांच्या यादीत शोधलं, नाहीत. असणारच नाहीत म्हणा, ते परत आले होते. कोणी वाट दाखवेल का?

चहाबाज

वाचतोय. खुर्ची ओढून बसलो आहे.

साताराच

मित्रा, तुझं दुखणं ओळखीचं आहे. आमचे पणजोबा ११० मराठा पलटणीत होते, तिकडेच इराकात, कुत-अल-अमाराला. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा पडला होता, शेवटी घोडी कापून खायची वेळ आली आणि मग सगळी फौज तुर्कांच्या कैदेत. पणजोबा कैदेत गेले. त्यांचा सख्खा भाऊ तिथेच गेला.

आता गंमत बघ. गेलेल्या भावाची नोंद मला कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर अर्ध्या तासात मिळाली. नंबर, पलटण, बापाचं नाव, गाव, जिल्हा सातारा. जे कैद भोगून जिवंत घरी आले, वीस वर्षं शेती केली, त्यांचा कागद गेली सहा वर्षं शोधतोय. मेलेला सापडतो, जगलेला हरवतो.

भाऊ सापडला तोही सरळ नाही. गावाच्या नावाचं स्पेलिंग इतकं वाकडं की आम्ही चौघांनी मोठ्याने वाचून बघितलं तेव्हा कळलं की हे आपलंच गाव. आणि बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांवर माणसांची आठवण आहे म्हणतात, पण साध्या हिंदी शिपायांची नावं तिथल्या दगडावर नाहीत. पलटणीवार नुसते आकडे होते. नावं वहीत. २०२१ मध्ये कमिशनने याबद्दल माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना.

जिन्याखालचा

अवांतर: आपल्याकडे सगळ्यांचेच पणजोबा सुभेदार कसे? शिपाई कोणी नव्हताच वाटतं फौजेत.

साताराच

@जिन्याखालचा, माझे शिपाईच होते. नंबरासकट.

जुनं_दप्तर

धागाकर्त्यांनी विचारलंय म्हणून जरा लांबण लावतो. निवृत्तीनंतर काळा घोड्याच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, पुराभिलेखागारात, बराच वेळ घालवला आहे. तिथली धूळ अजून फुप्फुसात असेल.

पहिली गोष्ट. बिल्ल्याला चिंच लावू नका. लिंबू, राख, टूथपेस्ट, काही नाही. तो ब्रिटिश वॉर मेडल आहे, वर्णनावरून शंका नाही. त्याच्या पुढच्या-मागच्या बाजूला काही शोधू नका, लाखोंना तोच छाप मिळाला. कड बघा. कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि तुकडी ठोकलेली असते. खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी आडवी धरा आणि कडेला चिमूटभर टाल्कम पावडर चोळून फुंकर मारा. अक्षरं उठून दिसतात.

दुसरी. आडनाव सोडा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण पुन्हा आडनावच टाइप करतो. तुमचं परेरा हे कधीतरी कोणा पाद्र्याने किंवा त्या दिवशी उभ्या राहिलेल्या धर्मबापाने दिलेलं. निम्म्या गावाला तेच. फौजेतल्या कारकुनाला तर आडनावाशी कर्तव्यच नव्हतं. माणूस, त्याचा बाप, त्याचं गाव, एवढं लिहिलं की झालं. तेव्हा वहीत नाव शोधू नका, नावाच्या आजूबाजूची माणसं शोधा. बाप्तिस्म्याच्या नोंदीत धर्मबाप आणि धर्ममाय असतात. ती माणसं हवेतून येत नाहीत. मामा, आत्या, शेजारी, बापाबरोबर कामाला जाणारा दोस्त. दहा परेरांपैकी आपला कोणता, हे धर्मबाप सांगतो.

तिसरी. समासात बघा. १९०८ पासून कॅथलिक चर्चचा नियम असा की माणसाचं लग्न कुठेही झालं तरी त्याची खबर बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीपाशी टिपायची. त्यामुळे १८८८ च्या पानाच्या कडेला नंतर कोणी वेगळ्या शाईत खरडलंय का, ते पाहा. बऱ्याचदा फोटो काढणारा नेमका तोच भाग कापतो.

आणि हापिसातल्या गृहस्थांवर रागावू नका. वहीत दुसऱ्यांच्याही घरच्या गोष्टी असतात. कोणाला बापाचं नाव लागलं नाही वगैरे. लेखी अर्ज करा, फादरना भेटा, पावसाळ्यानंतर जा.

गावठाणातला

जुनं_दप्तर काका, दंडवत. पण उशीर झाला. मी पोस्ट टाकून कामावर गेलो आणि बायआजीने (आजोबांची धाकटी बहीण, पणजोबांची सख्खी लेक, वय ९१) बिल्ल्याला चिंच लावली. "बापाचा बिल्ला काला कसा ठेवायचा?" म्हणाली.

तिला आम्ही सगळे समजावत होतो की बाय, हा चांदीचा आहे, घासला की झिजतो. पण घासल्यावर तो चांदीसारखा झालाच नाही. तांब्यासारखा लालसर निघाला. नकली आहे का हा?

जुनं_दप्तर

नकली नाही. थांबा. कड वाचा आधी. मी आत्ताच काही बोलत नाही.

माहीमची_फेणी

मी मूळची गोव्याची, सासर माहीमचं. पोर्तुगीज आजीकडून शिकले म्हणून नाक खुपसते. धागाकर्त्यांनी व्यनित (खाजगी निरोपात) फोटो पाठवले, दोन्ही पाहिले.

१८८८ च्या नोंदीत तारखेपुढे ७ आणि त्याला चिकटून 'ब्रो' लिहिलंय. तुम्ही तो जुलै धरलाय. तो सप्टेंबर आहे! सेतेम्ब्रो म्हणजे सातवा, जुन्या रोमन पंचांगाप्रमाणे. ८ब्रो ऑक्टोबर, ९ब्रो नोव्हेंबर, आणि इंग्रजी एक्ससारखी फुली मारून पुढे ब्रो, म्हणजे डिसेंबर. या एका ७ पायी किती घरांत चुकीच्या महिन्यात वाढदिवस झाले असतील देव जाणे. 'एम'च्या डोक्यावर बारकासा 'ए' म्हणजे मारिया. 'एफ'च्या पुढे वर 'सीओ' म्हणजे फ्रान्सिस्को. कागद महाग होता की पाद्री आळशी होते, काय माहीत.

१९२० च्या नोंदीतला शब्द गाव नाही. 'कोझिन्हेइरो'. म्हणजे स्वयंपाकी.

गावठाणातला

फेणीताई, तारखेचं पटलं. आज चर्चमध्ये सप्टेंबर सांगितला आणि त्याच गृहस्थांनी दहा मिनिटांत नोंद काढली. चहा पण पाजला. मी मागे लिहिलेलं थोडं मागे घेतो.

पण स्वयंपाकी? बसऱ्याहून सुभेदार म्हणून आलेला माणूस वर्षभरात स्वयंपाकी कसा होईल? दुसरा कोणी परेरा नसेल ना?

जिन्याखालचा

🍿

दापोलीवाला

नावांचा विषय निघालाय म्हणून. आमचं घराणं महार पलटणीतलं, आजोबांचे आजोबा पेन्शनीत निघून दापोली कॅम्पात राहिले. तिथे पेन्शनरांची वस्तीच होती, बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजीही पेन्शनीनंतर काही काळ तिथेच होते. आमच्या जुन्या कागदात आडनाव नाहीच, नावाच्या शेवटी 'नाक'. कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची ४९ नावं आहेत, त्यातली २२ अशी नाक लावलेली. आडनाव शाळेत मास्तरांनी घातलं, गावावरून. म्हणजे मी आडनाव घेऊन मागे गेलो तर पन्नास-साठ वर्षांत भिंत लागते.

आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरतीच बंद केली. पणजोबांच्या वयाचा एकही माणूस फौजेत सापडेना, मला वाटायचं कागद हरवले. कागद हरवले नव्हते, दार बंद झालं होतं. पुढे १९१७ ला १११ महार पलटण उभी राहिली आणि लढाई संपल्यावर मोडली. त्यात आमचा एक चुलत पणजोबा. तेव्हा आधी पलटणीचा इतिहास वाचा, मग घरचा माणूस शोधा, हा माझा अनुभव.

अलिबागी

दापोलीवाले, +१. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्यात बॉम्बे आर्मीत नोकरी केलेली घरं खूप, आणि जुनी नावं सगळी 'जी' लावून. मांडवीतलं १७९६ चं जुनं सिनेगॉग (आमचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल दिवेकर. तेही फौजेतलेच, टिपूच्या कैदेतून सुटून आलेले. एकाच माणसाला दोन नावं, दोन यादीत. स्टेशनाला मशीद बंदर नाव आमच्या 'मशिदी'वरून पडलं असं आमच्यात सांगतात.

त्याच मशीद बंदरला सेलर्स होममध्ये पहिल्या युद्धात समुद्रात गेलेल्या खलाशांचं स्मारक आहे, दोन हजारांवर माणसं. रत्नागिरीकडच्या ज्यांच्या घरात 'बोटीवर गेला तो आलाच नाही' अशी गोष्ट आहे त्यांनी तिथून सुरुवात करावी. रोज दारावरून जाणाऱ्यांनासुद्धा पत्ता नसतो.

चहाबाज

आम्ही तर त्र्यंबकेश्वरला गुरुजींच्या चोपडीत सात पिढ्या एका दुपारी बघून आलो. तुमचं लईच अवघड आहे राव.

जुनं_दप्तर

@चहाबाज, चोपडीत पुरुषांच्या सात पिढ्या आल्या असतील. पणजीचं माहेरचं आडनाव आलं का? चर्चच्या वहीत आईचं, आणि कधी आजी-आजोबांचंही नाव असतं. त्या बाबतीत गावठाणातले तुमच्यापेक्षा श्रीमंत आहेत.

गावठाणातला, बायआजींच्या भावंडांचे जन्म विचारलेत का? सगळ्या, गेलेल्या मुलांसकट. बायकांना ते वर्षासकट पाठ असतं.

गावठाणातला

विचारलं. बोटं मोडून तिने सांगितलं. थोरला १९११, मग एक मुलगी १९१३ ची, एक मुलगा १९१५ चा, तो वर्षाचा होऊन गेला. मग एकदम माझे आजोबा, १९२०. त्यानंतर पाच, सगळ्यात शेवटी ती.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. १९१५ ते १९२०. तो बसऱ्याला होता, आणि त्याचा मुलगा इथे गेला.

चर्चमध्ये या नोंदी बघितल्या. १९११ ची आहे, १९२० नंतरच्या आहेत. १९१३ आणि १९१५ ची नाहीच. पानं शाबूत आहेत, फाटलेली नाहीत.

माहीमची_फेणी

गावात किंवा शेजारच्या गावात दुसरं चर्च आहे का? असणारच. तिथे बघा. मुंबईत तेव्हा दोन सत्ता होत्या. एक पद्रोआदो, म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपांकडची, पोर्तुगालच्या राजाच्या हक्काची. दुसरी प्रोपागांडा, थेट रोमची. १७९४ मध्ये मुंबईची चर्चं दोघांत वाटली गेली आणि ही दुहेरी व्यवस्था पार १९२८ पर्यंत टिकली. साधं भांडण नव्हे. माहीमच्या आमच्या सेंट मायकलवरून १८५३ मध्ये इतकं पेटलं की बिशप हार्टमन चर्चच्या आतच ठाण मांडून बसले होते. सासरी अजून त्यावरून दोन बाजू आहेत, खरंच सांगते.

तर घरात काही बिनसलं, पाद्र्याशी वाजलं, की माणसं दुसऱ्या बाजूला जायची. आणि परत यायची. पद्रोआदोच्या वह्या बहुतेक पोर्तुगीजमध्ये, दुसरीकडे लॅटिन. लॅटिनमध्ये जेम्सचा याकोबुस होतो, जॉनचा योआनेस. घाबरू नका.

जुनं_दप्तर

फेणीताईंनी माझं काम केलं. इतकंच जोडतो की साष्टी बेटावर, म्हणजे तुमच्या अंधेरीच्या भागात, १७३९ च्या आधीच्या वह्यांची आशा फार धरू नका. चिमाजी आप्पांच्या स्वारीत त्या भागातली बरीच चर्चं उजाड झाली. त्याबद्दल इथे वाद नको, दोन्हीकडचे पूर्वज या धाग्यावर हजर आहेत.

आणि परदेशी साइटवर 'इंडिया, बर्थ्स अँड बॅप्टिझम्स, १७८६ ते १९४७' असा संग्रह दिसेल. मोफत आहे, बघा, पण भरणा गोऱ्या साहेबांचा. त्यांच्या नोंदींची नक्कल लंडनला जायची. आपल्या माणसांची वही अजून आपल्याच गावच्या कपाटात आहे, वाळवी लागायच्या आत गाठा.

गावठाणातला

मंडळी, सापडली. दोन्ही मुलं, १९१३ आणि १९१५, शेजारच्या गावच्या चर्चमध्ये, लॅटिनमध्ये. १९१६ च्या मर्तिकाच्या वहीत त्या बाळाचं नावही. बापाचं नाव आहे. पुढे एक शब्द, फादरनी वाचून दाखवला: 'आब्सेन्स'. गैरहजर.

बायआजीला हे अजून सांगितलेलं नाही.

आणि काल रात्री कड वाचली. काकांच्या पद्धतीने, पावडर लावून. मुलगी बॅटरी धरून बसली होती, मी एकेक अक्षर कागदावर उतरवलं. आधी चार आकडी नंबर. मग सी, ओ, ओ, के. मग पणजोबांचं नाव, तेही चुकीच्या स्पेलिंगने. आडनाव नाही. मग एस अँड टी कॉर्प्स.

कुक. फेणीताई, माफ करा, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

जिन्याखालचा

मी काही बोललो नाही हं.

जुनं_दप्तर

बिल्ला तांब्यासारखा निघाला तेव्हाच मला अंदाज आला होता, पण कड वाचल्याशिवाय बोलायचं नाही असा नियम आहे माझा. लढणाऱ्यांना हे मेडल चांदीचं मिळालं. ब्राँझचं मिळालं ते फॉलोअरना. स्वयंपाकी, भिश्ती, डोलीवाले, हमाल, भंगी. मेसोपोटेमियाला, म्हणजे बसरा-कुतच्या आघाडीवर, हिंदुस्थानातून गेलेल्या माणसांत अशी जवळजवळ निम्मी होती. तुमचे सप्लाय अँड ट्रान्सपोर्ट कोअरमधले. शिधा, खेचरं, गाड्या, भटारखाने, सगळं त्यांच्याकडे. चांदीच्या मेडलला बाजारात भाव आला की लोकांनी वितळवून टाकली, ब्राँझची कोणी वितळवली नाहीत म्हणून अशी पेट्यांत राहिली.

परत आलेल्या फॉलोअरचा कागद मिळणं कठीण, ते आधीच सांगतो. तुमच्याकडे नंबर, कोअर, १९२० ची चर्चची नोंद आणि मधला पाच वर्षांचा खड्डा आहे, यापेक्षा जास्त मी क्वचित कोणाकडे पाहिलंय. मात्र एक करा. घरात लोखंडाची, पितळेची जुनी भांडी असतील तर उलटी करून बघा. बाणाच्या टोकासारखी खूण आणि शेजारी इंग्रजी 'आय' असं काही ठोकलेलं दिसतं का. ते सरकारी मालाचं चिन्ह, 'आय' इंडियाचा.

साताराच

भाऊ, पंधरा माणसं हाताखाली होती म्हणालास ना? पंधराशे जेवत असतील. आमच्या पणजोबांना कुतमध्ये शेवटी चार औंस पीठ मिळत होतं. स्वयंपाकी कोणाला म्हणायचं ते आम्हाला विचार.

गावठाणातला

सगळ्यांना एकत्रच उत्तर देतो. गेले चार दिवस घरात गोंधळ.

बायआजीला आज सकाळी सांगितलं. आधी बाळाचं. त्याच्या मर्तिकाला बाप नव्हता हे तिला माहीत होतं, आईने सांगितलं होतं. मग बिल्ल्याचं. मला वाटलं होतं चिडेल. माझे दोन काका तर अजून म्हणतायत की कड नीट वाचली गेली नाही.

बायआजी जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तवाच." आमच्याकडे लग्नात, उंबराच्या पाण्याच्या विधीच्या रात्री, सरपतेल (डुकराच्या मटणाचं कालवण) नेहमी पुरुष करायचे. बायका फुगे तळायच्या, पण मोठ्या टोपाला हात नाही लावायचा, असा पणजोबांचा दंडक. मिठाचा अंदाज ते चाखून नाही, नुसत्या वाफेवरून सांगायचे म्हणे. ते गेल्यावर आजोबा उभे राहायचे टोपाशी, मग माझा बाप. का, ते कोणी विचारलं नाही.

मग ती उठली आणि मागच्या पडवीतून डाव घेऊन आली. लोखंडी, हातभर लांब, आम्ही लग्नाला वापरतो तोच. दांड्याला जिथे धरतो तिथे दोन खुणा आहेत. लहानपणापासून त्यावर बोट फिरवलंय मी. कोंबडीचा पाय म्हणायचो त्याला. कोंबडीचा पाय आणि शेजारी एक उभी रेघ.

काका, फोटो व्यनित पाठवलाय. बाणच आहे ना?

जुनं_दप्तर

बाणच आहे.

चहाबाज

चिंच लावू नका.